पाहुण्या अळीचे तुटपुंजे भांडवल

अमळनेर परिसरातील शेतकऱ्याला आज दोन अळ्यांशी एकाच वेळी झुंजावे लागते. कपाशीच्या बोंडात गुलाबी बोंडअळी, तर मक्याच्या पोंग्यात अमेरिकन लष्करी अळी. बांधावर उभे राहून पाहिले तर दोहोंत फारसा फरक जाणवत नाही. दोघीही पीक खातात, दोघींसाठीही फवारणीचा खर्च करावा लागतो आणि दोघींचे पतंग रात्री उडतात. परंतु जनुकशास्त्राच्या चष्म्यातून पाहता या दोघींची स्थिती परस्परांहून अगदी भिन्न आहे. गुलाबी बोंडअळी ही घरचीच. ती याच उपखंडात किंवा त्याच्या आसपास उत्क्रांत झाली असे मानले जाते. लष्करी अळी मात्र काही वर्षांपूर्वी आलेली पाहुणी आहे. पाहुणा प्रवासाला निघताना घरातील सर्व संपत्ती बरोबर घेत नाही, त्याचप्रमाणे नव्या प्रदेशात शिरणारा कीटकही आपल्या जातीच्या जनुकीय वैविध्याचा एक छोटासा हिस्साच बरोबर आणतो. हा हिस्सा किती मोठा आहे आणि त्यात पुढे भर पडू द्यायची की नाही, हा प्रश्न वरकरणी प्रयोगशाळेतला वाटतो. प्रत्यक्षात तो खान्देशातील मक्याच्या अर्थकारणाशी जोडलेला आहे.

हे अर्थकारण अलीकडे अधिक महत्त्वाचे झाले आहे. कोंबडीखाद्य आणि स्टार्च या जुन्या ग्राहकांबरोबरच इथेनॉल उद्योगाकडूनही मक्याला मागणी येऊ लागली. केंद्र सरकारने मक्याची किमान आधारभूत किंमत २०२४-२५ साठी क्विंटलमागे २,२२५ रुपये, तर २०२५-२६ साठी २,४०० रुपये जाहीर केली. बोंडअळीमुळे कपाशीचा हिशेब जुळत नसलेल्या शेतकऱ्याला मका हा एक पर्याय वाटतो, तो यामुळेच. त्या पर्यायाच्या पोंग्यातच नवा शत्रू बसला असेल, तर त्याचे बळ आणि त्याचे उणेपण या दोहोंची नीट ओळख करून घेणे आवश्यक ठरते.

दोन वर्षांत दोन खंड

लष्करी अळीचे मूळ स्थान अमेरिका खंडातील उष्ण प्रदेश. शेकडो वर्षे ती तेथेच होती. २०१६ च्या प्रारंभी पश्चिम आफ्रिकेत, नायजेरिया आणि शेजारच्या देशांत, तिची नोंद झाली. पाहता पाहता सहाराच्या दक्षिणेकडील जवळजवळ सर्व आफ्रिका तिने व्यापली. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोगा येथील कृषी व उद्यानविद्या विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना ती मक्यावर आढळली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सोलापूर जिल्ह्यात ती दिसली आणि अल्पावधीतच महाराष्ट्राच्या बहुतेक मका पट्ट्यात पोहोचली. जानेवारी २०१९ मध्ये चीनने आणि २०२० च्या आरंभी ऑस्ट्रेलियाने तिच्या आगमनाची नोंद केली.

या वेगामागचे एक कारण पतंगाच्या पंखांत आहे. अनुकूल वारा मिळाल्यास तो एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. दुसरे कारण मादीच्या प्रजननक्षमतेत आहे. एक मादी हजाराहून अधिक अंडी घालू शकते आणि उन्हाळ्यात सुमारे महिनाभरात नवी पिढी तयार होते. खान्देशात खरिपाबरोबरच रब्बीतही मका घेतला जात असल्याने तिला वर्षाचा बराच काळ अन्न मिळत राहते. डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी खूण आणि शेपटाकडील चौकोनात मांडलेले चार ठिपके ही तिची ओळख आता गावोगावी ठाऊक झाली आहे. तिच्या अंतरंगाची ओळख मात्र अजून व्हावयाची आहे.

थोड्यांतून अनेक

जीवशास्त्रातील जुना समज असा की, मोजक्या जिवांपासून वाढलेली प्रजा दुबळी असावी. तिच्यात वैविध्य कमी, आप्तसंबंधांतील प्रजनन अधिक, म्हणून नव्या हवामानाशी आणि नव्या अन्नाशी जुळवून घेण्याची क्षमताही कमी. प्रत्यक्षातील आक्रमक किडी हा समज वारंवार खोटा ठरवतात. फ्रान्समध्ये २००४ मध्ये नोंदली गेलेली आशियाई गांधीलमाशी हे त्याचे ठळक उदाहरण. चीनमधून आलेल्या, अनेक नरांशी समागम झालेल्या एकाच राणीपासून युरोपातील सारी प्रजा वाढली असावी, असा निष्कर्ष तिच्या जनुकीय तपासणीतून निघाला. एका राणीच्या या वंशाने पुढे शेजारचे अनेक देश व्यापले.

हे कोडे साध्या गणिताने बरेचसे सुटते. प्रत्येक पतंगात एका जनुकाच्या दोन प्रती असतात. म्हणजे नर-मादीची एक जोडी जरी आली, तरी तिच्याबरोबर चार प्रती येतात. या चार प्रतींमुळे मूळ प्रजेतील सरासरी जनुकीय विविधतेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पहिल्या पिढीपर्यंत टिकतो. त्यानंतर प्रजा झपाट्याने वाढली, तर होणारी गळतीही थांबते. लष्करी अळीसारखी हजारो अंडी घालणारी कीड म्हणूनच या अरुंद वाटेतून फारशी इजा न होता पार पडते. शिवाय नव्या प्रदेशात तिचे जुने शत्रू, म्हणजे तिच्यावर जगणारे परोपजीवी कीटक आणि रोगजंतू, तिच्यामागून लगेच येत नाहीत. हा लाभ वेगळाच.

सर्वसामान्य जनुके टिकतात, पण दुर्मीळ जनुके गळतात, हा या गणिताचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग. मूळ प्रदेशात एखाद्या जनुकाचे विशिष्ट रूप हजारात एक या प्रमाणात असेल, तर एका जोडीबरोबर ते येण्याची शक्यता हजारात चार इतकीच राहते. शंभर पतंग आले असे धरले, तरी ती शक्यता पाचात एकाहून कमीच. कीटकनाशकाला किंवा बीटी प्रथिनाला दाद न देण्याची क्षमता देणारी जनुके, जेथे त्या विषाचा वापर झालेला नाही तेथे, बहुधा अशी दुर्मीळच असतात. म्हणजेच नवागत कीड संख्येने प्रबळ, परंतु प्रतिकाराच्या शस्त्रांच्या बाबतीत तुलनेने दरिद्री असू शकते. शेतीच्या दृष्टीने हीच तिची खरी उणीव.

भडोचहून अ‍ॅरिझोनापर्यंत

या उणिवेचा अर्थ समजण्यासाठी गुलाबी बोंडअळीचा उलट दिशेने झालेला प्रवास उपयोगी पडतो. १८४३ मध्ये सॉन्डर्स या कीटकशास्त्रज्ञाने या अळीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते भडोच परिसरातील कपाशीवरून मिळालेल्या नमुन्यांच्या आधारे. भडोच आणि खान्देश यांचा कापसाच्या व्यापारातील संबंध जुना. अमळनेरवरून जाणारा उधना-जळगाव लोहमार्ग आजही हा मुलूख दक्षिण गुजरातशी जोडतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकीसह पाठवलेल्या भारतीय कापसातून ही अळी इजिप्तला पोहोचली. १९११ मध्ये इजिप्तमधून ती मेक्सिकोत शिरली आणि १९१७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात सापडली. प्रत्येक टप्प्यावर थोड्याच अळ्या पुढे गेल्या, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर जनुकीय चाळण लागली.

पुढे दोन्हीकडे बीटी कपाशी आली. अमेरिकेत १९९६ मध्ये, भारतात २००२ मध्ये. अ‍ॅरिझोनातील शेतकऱ्यांनी बीटी कपाशीभोवती बिगरबीटी कपाशीचे आश्रयपीक राखले. तेथे जगलेले, बीटीला बळी पडणारे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करत आणि प्रतिकाराची जनुके विरळ ठेवत. २००६ पासून तेथे नपुंसक केलेले पतंग मोठ्या संख्येने सोडण्यात आले. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले.

भारतातील कथा सर्वांना ठाऊक आहे. बीटीच्या पहिल्या प्रथिनाला दाद न देणारी बोंडअळी २०१० च्या सुमारास गुजरातेत निश्चित झाली. २००६ मध्ये आलेल्या दुहेरी जनुकाच्या बीटी वाणाचेही पुढे तेच झाले. २०१७ च्या खरिपात विदर्भ, मराठवाडा आणि खान्देशातील कपाशीची जी वाताहत झाली, तिच्या आठवणी अजून ताज्या आहेत. आश्रयपिकासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याचे पाकीट मिळत असे. ते बहुतेक ठिकाणी पेरलेच गेले नाही. फरदड घेतली गेली, मान्सूनपूर्व लागवडीने किडीला लवकर अन्न मिळाले. व्यवस्थापनातील या चुका मोठ्या होत्याच. परंतु जनुकांच्या पातळीवरही एक फरक दिसून आला. अ‍ॅरिझोनात बीटी प्रथिनाला बांधून ठेवणाऱ्या जनुकातील मोजकेच बिघाड आढळले होते. भारतातील शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांत मात्र त्याच जनुकातील अनेक भिन्न बिघाड एकाच वेळी सापडले. कुलूप एकच, पण ते उघडणाऱ्या किल्ल्या अनेक. विस्तीर्ण क्षेत्रात आणि प्रचंड संख्येने नांदणाऱ्या घरच्या अळीकडे असा मोठा जुडगा असणे स्वाभाविक आहे.

अमेरिकेचे यश केवळ जनुकीय दारिद्र्याचे फळ होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तेथील शिस्त आणि खर्च यांचा वाटा मोठा आहे. तथापि पाहुण्या किडीविरुद्धची लढाई घरच्या किडीविरुद्धच्या लढाईहून वेगळी असते आणि ती तिच्याजवळचा जुडगा लहान आहे तोवरच लढावी लागते, एवढा धडा त्यातून निश्चित मिळतो.

सामानात काय आले?

आता लष्करी अळीकडे वळू. मूळ अमेरिकेत तिचे दोन वंश मानले जातात. एक मुख्यतः मक्यावर जगणारा, दुसरा भात व गवतांवर. आफ्रिका आणि भारत येथील अळ्यांची प्रारंभीची तपासणी मोजक्या जनुकांपुरती होती. केवळ मातेकडून येणाऱ्या तंतुकणिकांच्या जनुकाची फार थोडी रूपे त्यांत आढळली आणि आफ्रिकेतील व भारतातील नमुन्यांत तीच ती रूपे पुन्हा दिसली. त्यावरून दोन्हीकडील प्रजा एकाच अलीकडच्या उगमाची असावी, असा तर्क झाला. याच तपासण्यांत एक विसंगतीही दिसली. मातृक जनुक अनेकदा भात वंशाकडे बोट दाखवत होते, तर केंद्रकातील जनुक मका वंशाकडे. याचा अर्थ आलेली प्रजा दोन वंशांच्या संकरातून झाली असावी आणि खरा भात वंश येथे आलेलाच नसावा. भारतात ही अळी मका, ज्वारी आणि उसावर दिसते, पण भातावर तिने मोठा उपद्रव केलेला नाही, या अनुभवाशी हे निरीक्षण जुळते.

प्रतिकाराच्या जनुकांबाबतचे चित्र संमिश्र आहे. प्युर्टो रिकोमध्ये २००६ मध्येच एका बीटी मक्याला लष्करी अळीने दाद देणे सोडले होते आणि पुढे ब्राझीलमध्येही तसे घडले. त्याला जबाबदार असलेली जनुकांची ज्ञात रूपे आफ्रिका-आशियातील प्रारंभीच्या तपासण्यांत आढळली नाहीत. ही दिलासा देणारी बाब. परंतु ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील जुन्या कीटकनाशकांना निष्प्रभ करणारे जनुकीय बदल मात्र आक्रमित प्रदेशांतील अळ्यांतही सापडले. ही विषे अमेरिकेत अनेक दशके फवारली गेल्याने त्यांच्याविरुद्धची शस्त्रे तेथे दुर्मीळ राहिली नव्हती, म्हणून ती पाहुणीच्या सामानातून सहज आली. येथील शेतकऱ्याने त्या गटातील औषध पहिल्यांदाच फवारले, तरी अळी त्या औषधाला नवखी नव्हती. ‘औषध बनावट होते’ असे म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्या शेतकऱ्याला या शक्यतेची कल्पना कोणी दिली नव्हती.

एक आगमन की अनेक?

संपूर्ण जनुकसंच वाचण्याचे तंत्र स्वस्त झाल्यावर या कथेला नवे वळण मिळाले. २०२२ आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत अभ्यासांनी आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियातील प्रजांची तुलना केली. त्यांचा निष्कर्ष असा की, पश्चिम आफ्रिकेत एकदाच शिरून तेथून पूर्वेकडे सरकत गेलेली कीड, हे चित्र अपुरे आहे. आशियात स्वतंत्रपणे, एकापेक्षा अधिक वेळा आगमने झाली असावीत. या मुद्द्यावर शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. मोजक्या जनुकांतून दिसणारा एकच उगम आणि संपूर्ण जनुकसंचातून दिसणारे अनेक उगम यांचा मेळ घालण्याचे काम सुरू आहे.

हा वाद केवळ विद्वानांचा नाही. मक्याच्या मुळांवर जगणाऱ्या एका अमेरिकन भुंग्याचा दाखला येथे बोलका आहे. १९९२ मध्ये तो बेलग्रेडच्या विमानतळाजवळ सापडला आणि तेथूनच तो युरोपभर पसरला असे मानले जाई. २००५ मध्ये जनुकीय तपासणीने दाखवून दिले की, तो अमेरिकेतून किमान तीन वेळा स्वतंत्रपणे युरोपात शिरला होता. म्हणजे दार एकदा चुकून उघडे राहिले नव्हते, ते उघडेच होते.

भारताबाबतही असेच असेल, तर त्याचे परिणाम गंभीर आहेत. ‘कीड आलीच आहे, आता सीमेवर तपासणी करून काय उपयोग?’ हा युक्तिवाद अशा वेळी सहज केला जातो आणि तो पूर्णतः चुकीचा आहे. प्रत्येक नवे आगमन म्हणजे पाहुणीच्या तुटपुंज्या भांडवलात पडणारी नवी भर. ब्राझील किंवा कॅरिबियन बेटांतून आलेले मूठभर पतंग बीटी प्रतिकाराची जनुके घेऊन येऊ शकतात. भात वंशाचे पतंग आले आणि येथे रुजले, तर प्रश्न खान्देशाच्या मक्यापुरता राहणार नाही. विदर्भाचा पूर्व भाग आणि कोकणातील भातशेतीही त्याच्या कक्षेत येईल. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात कृषिमालाची तपासणी होते. ‘आपल्याकडे असलेली कीड’ आणि ‘आपल्याकडे नसलेली कीड’ एवढाच भेद त्या तपासणीत पुरेसा नाही. असलेल्या किडीचा नसलेला वंश, हेही धोक्याचे कारण मानले पाहिजे.

मोजणी अळ्यांची, जनुकांची नाही

महाराष्ट्रात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प राबवला जात आहे. गावोगावच्या निवडक शेतांत किडींची मोजणी होते आणि आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली की सल्ला दिला जातो. ही व्यवस्था उपयुक्त आहे, परंतु ती अळ्या मोजते, अळीची जात आतून बदलते आहे की नाही हे पाहत नाही. कपाशीच्या बाबतीत हा बदल लक्षात येईपर्यंत बोंडे पोखरली गेली होती. मक्याबाबत तीच चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज आहे असेही नाही. त्याच शेतांतून दर हंगामात काही अळ्या मद्यार्कात घालून प्रयोगशाळेत पाठवणे आणि त्यांतील ठराविक जनुकांची तपासणी करणे, हे काम कृषी विज्ञान केंद्रे, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. अमळनेरसारख्या गावात महाविद्यालयीन शिक्षणाची जुनी परंपरा आहे. तेथील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याहून अधिक जिवंत प्रकल्प कोणता मिळणार?

शेतातील उपायांनाही या दृष्टीने नवा अर्थ प्राप्त होतो. इमामेक्टिन बेंझोएट, क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल, स्पिनेटोरम ही औषधे आज शिफारशीत आहेत. पण एकच औषध लागोपाठ फवारत राहिल्यास कीड येथेच, स्वतःच्या घरात, नवे भांडवल उभे करेल. जनुकांतील नवे बदल सतत घडत असतात. प्रजा कोट्यवधींची असेल, तर दुर्मीळ बदलही कोठे ना कोठे घडणारच, आणि त्याला निवडून पुढे आणण्याचे काम एकसुरी फवारणी करते. म्हणून गट बदलून औषधे वापरणे, सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क वापरणे, कामगंध सापळ्यांनी पतंगांवर लक्ष ठेवणे आणि अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा, टेलेनोमस यांसारख्या मित्रकीटकांना वाव देणे, हा केवळ पर्यावरणाचा आग्रह उरत नाही. तो औषधांचे आयुष्य वाढवण्याचा व्यवहार ठरतो.

मित्रकीटकांवरून पपईवरील पिठ्या ढेकणाचे उदाहरण आठवते. २००८ मध्ये कोइम्बतूरला आढळलेली ही परदेशी कीड २०१० पर्यंत पुण्यात पोहोचली होती. तिचे मूळ घर कोठे हे ठाऊक असल्याने तिचे शत्रूही ठाऊक होते. २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून आणलेल्या इवल्याशा परोपजीवी गांधीलमाश्यांनी ती आटोक्यात आणली. त्या माश्याही मोजक्याच आल्या होत्या आणि त्यांच्यापासूनच पुढची प्रजा वाढली. थोड्यांतून अनेक होण्याची किमया शत्रूची मक्तेदारी नाही, ती मित्रालाही साधते. किडीचा नेमका उगम शोधण्याचा हाही एक लाभ.

बीटी मक्याच्या व्यावसायिक लागवडीस भारतात परवानगी नाही. ती द्यावी की देऊ नये, हा वाद पुढेही चालेल. परंतु त्याचा निर्णय कोणताही झाला, तरी येथील लष्करी अळीजवळ कोणत्या किल्ल्या आहेत आणि कोणत्या नाहीत, याचा जुना हिशेब त्या दिवशी हाताशी असावा लागेल. कपाशीच्या वेळी तो हिशेब कोणी ठेवला नव्हता. बियाण्याच्या पिशवीवर भरवसा ठेवला गेला आणि त्याची किंमत पिशवी विकत घेणाऱ्याने मोजली. पाहुण्या अळीचे भांडवल अद्याप तुटपुंजे आहे. ते तसेच राहावे यासाठी बंदरावरच्या तपासनिसापासून अमळनेरच्या मका उत्पादकापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही काम आहे. ते टाळले तर काही वर्षांनी लष्करी अळीही बोंडअळीसारखी घरचीच होईल.